घेणं थांबवा, मग देणं थांबेल

प्रश्न: मी ४४ वर्षांची, बदलापूरला राहते, नोकरी दादरला. घरी नवरा, दोन मुलं आणि ७३ वर्षांच्या सासूबाई. रविवार एवढी एकच सुट्टी. गेल्या वर्षी लग्नं, मुंजी, बारशी, वास्तुशांती मिळून २३ कार्यक्रम झाले आणि बहुतेक ठिकाणी पाकीट घेऊन मीच गेले. शिवाय संक्रांतीला ६० बायकांचं हळदीकुंकू, दिवाळीत १२ घरी फराळाचे डबे, एक भिशी, नातेवाइकांचे चार ग्रुप. काही कमी करायचं म्हटलं की सासूबाई विचारतात, ‘लोक काय म्हणतील?’ नवरा म्हणतो, ‘तुला नको तर नको जाऊस,’ पण माझ्याऐवजी तो कधी जात नाही. तीन महिन्यांनी आमच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत आहे आणि सासूबाईंच्या यादीत आताच २५० नावं आहेत. मला नाती तोडायची नाहीत. पण हे ओझं कुठून आणि कसं उतरवू?

उत्तर: ताई, सुरुवात या वास्तुशांतीपासूनच करा. दुसऱ्यांच्या कार्यक्रमांना जाणं त्यानंतर कमी करायचं. बहुतेक जण नेमकं उलटं करतात आणि तिथेच फसतात. आधी दुसऱ्याच्या लग्नाला जाणं टाळतात आणि स्वतःकडे कार्य निघालं की जुन्या यादीप्रमाणे सगळ्यांना बोलावून, आहेर घेऊन मोकळे होतात. मग समोरच्याला राग येतो. त्या रागात त्याची चूक नसते.

आहेर हा चालू हिशेब आहे. आपल्याकडे लग्नात आहेराची वही घेऊन एक माणूस कोपऱ्यात बसतो, नाव आणि रक्कम लिहितो, आणि पुढे वीस वर्षं त्या वहीवरून ‘त्यांनी आपल्याला किती केलं होतं’ हे बघून पाकीट भरलं जातं. ज्याच्याकडून घेतलं त्याला देणं लागतो, हा त्यातला साधा नियम. तुम्ही २५० जणांना बोलावून त्यातल्या दीडशे जणांची पाकिटं घेतलीत, तर पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्या दीडशे घरांतल्या प्रत्येक कार्याला जाण्याचा करार तुम्ही त्या दिवशी करता. तुमचे पुढचे रविवार तिथेच ठरतात. म्हणून देण्याच्या आधी घेणं बंद करायचं.

जेवणाचं ताट ३०० रुपयांना धरलं तर २५० माणसांचे ७५ हजार होतात. ४० माणसांचे १२ हजार. पण आमच्या मते इथे पैशांपेक्षा हिशेबाची वही उघडणार की नाही, हे महत्त्वाचं आहे.

या आठवड्यात एक काम करा. दोनशे पानी वही घ्या आणि भिंतीवरचं गेल्या वर्षीचं कॅलेंडर समोर ठेवून बारा महिने लिहून काढा. प्रत्येक प्रसंगापुढे चार गोष्टी: कोणाकडे, किती तास गेले (तयारी आणि प्रवास धरून), किती खर्च झाला, आणि न गेल्यास नेमकं कोणाला वाईट वाटलं असतं. चौथ्या रकान्यात माणसाचं नाव लिहायचं. ‘लोक’, ‘सगळे’, ‘तिकडची मंडळी’ असं लिहायचं नाही. नाव सुचत नसेल तर जागा कोरी सोडा. तुमचे २३ कार्यक्रम सरासरी सहा तासांचे धरले तरी १३८ तास होतात, म्हणजे आठ तासांचे सतरा दिवस. यात हळदीकुंकू आणि फराळ आलेलाच नाही. हा आकडा नवऱ्याला आणि सासूबाईंना दाखवायचा आहे, म्हणून तो मनात न ठेवता कागदावर हवा.

चौथा रकाना कोरा राहिलेले प्रसंग आधी सोडायचे. त्यात बहुधा ऑफिसातल्या ओळखीच्या ओळखीची लग्नं, सोसायटीतल्या लांबच्या मजल्यावरची बारशी आणि ग्रुपवरच्या शुभेच्छा निघतील. ज्यांच्यापुढे नाव आलं त्यातलं काहीही पहिल्या सहा महिन्यांत सोडू नका. एकदम सासूबाईंच्या सख्ख्या भावाच्या नातवाच्या लग्नाला जायचं नाकारलंत, तर घरातलं भांडण त्या लग्नावर होईल आणि बाकीचं सगळं जसंच्या तसं चालू राहील.

आता सासूबाई. या प्रश्नाची किल्ली त्यांच्याकडे आहे, त्यामुळे त्यांच्याविषयी जरा सविस्तर लिहितो.

त्यांचं ‘लोक काय म्हणतील’ हे हट्टातून येतं असं समजू नका. त्या ज्या काळात संसाराला लागल्या, तेव्हा बाईला घराबाहेर पडण्याचं, चार जणींत बसण्याचं, ओळखलं जाण्याचं निमित्त म्हणजे लग्नकार्य, हळदीकुंकू, मंगळागौर. तिथे कोणी बोलावलं, ओटी कोणी भरली, मान कोणाला मिळाला यावर त्यांचं समाजातलं स्थान ठरत आलं. शिवाय तुमच्या लग्नात आलेला आहेर त्यांनी स्वीकारला होता. ती देणी त्यांच्या मनात अजून उभी आहेत. त्यांना ‘तुमच्या रीतींना काही अर्थ नाही’ असं ऐकू आलं तर चाळीस वर्षांच्या कष्टांवर कोणी पाणी ओतल्यासारखं वाटेल, आणि मग तुम्ही कितीही योग्य बोललात तरी उपयोग नाही.

त्यामुळे त्यांच्याशी रीतींबद्दल वाद घालू नका. तुमच्या वेळेबद्दल बोला, आणि निवड त्यांच्या हातात द्या: ‘आई, यंदा वर्षभरात सहा कार्यक्रमांना मी तुमच्याबरोबर येईन, नीट साडी नेसून, शेवटपर्यंत थांबेन. कोणते सहा ते तुम्ही ठरवा. बाकीच्या ठिकाणी तुम्हाला जायचं असेल तर तुमचा मुलगा सोडायला येईल.’ यात दोन गोष्टी होतात. पहिली म्हणजे त्यांचा अधिकार जातो कुठे? राहतोच. दुसरी, सहा निवडताना त्यांनाच कळतं की यादीतली कितीतरी नावं आपल्यालाही तेवढी जवळची नाहीत. सहा हा आकडा आधी स्वतःशी पक्का करा. बोलताना ‘पाच-सहा, बघू’ म्हणालात तर तो दिवाळीपर्यंत पंधरावर जाईल.

त्यांना मात्र कुठेही जाण्यापासून अडवायचं नाही. तुम्हाला जो रविवार ओझं वाटतो, तो त्यांना महिनाभरात चार माणसं भेटण्याचा एकमेव दिवस असू शकतो.

नवऱ्याचं ‘नको जाऊस’ हे उत्तर ऐकायला उदार वाटतं, पण त्यात काम कोणी करायचं हे ठरत नाही. न गेल्याचा बोल तुम्हालाच लागतो, कारण घराच्या वतीने नाती सांभाळणं हे सुनेचं काम असं धरलेलं आहे. तेव्हा वाटणी करा. त्यांच्या बाजूच्या नातेवाइकांची निमंत्रणं, फोन, आहेराची पाकिटं, न जमल्याचा निरोप, हे सगळं त्यांनी करायचं. तुमच्या माहेरचं तुम्ही. सुरुवातीला ते विसरतील. आत्याबाईंचा फोन तुम्हाला येईल की ‘तुमच्याकडून कोणीच आलं नाही.’ त्यावर तुम्ही माफी मागू नका, बाजू सावरू नका. ‘थांबा हं आत्या, ह्यांनाच देते,’ म्हणून फोन त्यांच्या हातात द्या. दोन-तीनदा असं झालं की ते लक्षात ठेवू लागतील. तुम्ही मध्ये पडून सावरत राहिलात तर मात्र वाटणी कागदावरच राहील.

नकार कसा कळवायचा, यात सर्वांत जास्त चुका होतात.

निमंत्रण आल्यापासून दोन दिवसांत कळवा. केटररला ताटांचा आकडा कार्याच्या दोन-चार दिवस आधी द्यावा लागतो आणि पैसे आकड्याप्रमाणे जातात. त्यामुळे आधी मिळालेला नकार यजमानाला खरोखर उपयोगी पडतो, आयत्या वेळी न जाण्याने मात्र त्याचं नुकसान होतं. फोन करा किंवा निरोप लिहा, पण माणसाला थेट कळवा, ग्रुपवर नाही.

कारण देऊ नका. हे अवघड वाटेल, कारण आपल्याला कारणाशिवाय नाही म्हणायची सवय नसते. पण दिलेलं कारण समोरचा प्रेमाने सोडवून देतो. ‘धाकट्याची परीक्षा आहे’ म्हटलं की ‘मग संध्याकाळी रिसेप्शनला या’. ‘लोकलने यायचं म्हणजे उशीर होतो’ म्हटलं की ‘आमच्याकडे मुक्कामाला राहा, पहाटे निघा’. आणि खोटं कारण दिलं तर त्याच रविवारी मुलीने ठेवलेल्या स्टेटसमध्ये तुम्ही बागेत दिसता. मग न येण्यापेक्षा खोटं बोलण्याचं वाईट वाटतं, आणि ते लक्षातही राहतं.

निरोप साधारण असा असावा: ‘मामी, पत्रिका मिळाली, खूप आनंद झाला. १४ तारखेला येणं जमणार नाही. सुजाण सून मिळाली आहे, दोघांना आमचे आशीर्वाद सांगा. आमची पानं धरू नका.’ एवढंच. शेवटी ‘नंतर नक्की घरी येऊन जाऊ’ हे वाक्य सवयीने येतं. खरंच जाणार असाल तरच ते लिहा, नाहीतर एक रविवार सोडवून दुसरा अडकवल्यासारखं होतं. मामींनी फार आग्रह केला तर तेच वाक्य पुन्हा, तितक्याच मायेने: ‘नाही हो मामी, या वेळी जमणार नाही.’ तिसऱ्यांदाही तेच. नवं स्पष्टीकरण जोडायचं नाही.

आता आहेर. आधीची देणी असतात ती फेडावीत, असं आमचं स्पष्ट मत आहे. तुमच्या लग्नाची वही घरात असेल तर काढा, सासूबाईंना शेजारी बसवा आणि ज्यांच्याकडे अजून काहीच गेलेलं नाही अशी नावं वेगळी करा. बहुधा वीसेक निघतील. त्यांच्या घरी पुढे कार्य निघेल तेव्हा पाकीट जाईल, तुम्ही गेलात नाही गेलात तरी. वीस वर्षांपूर्वीच्या १०१ रुपयांचे आजचे किती, असं गणित मांडत बसू नका. सर्वांना एकच रक्कम ठरवा, ५०१ म्हणा, आणि ती बदलू नका. प्रत्येक वेळी ‘यांना किती द्यायचे’ या चर्चेत जाणारा अर्धा तास आणि होणारी कुरबुर त्यामुळे थांबते.

कपाटात देण्याघेण्याच्या साड्यांचा एक गठ्ठा असेलच. एका घरातून आलेली, फॉलसुद्धा न लावलेली साडी दुसऱ्या घरी, तिथून तिसऱ्या घरी जात राहते. तो गठ्ठा एका दुपारी संपवा. स्वतःला किंवा सासूबाईंना आवडतील त्या बाजूला काढून फॉल लावायला द्या. उरलेल्या जवळच्या कोणाला हव्या आहेत का ते विचारून द्या. विचारल्याशिवाय कामाच्या मावशींच्या हातात गठ्ठा ठेवू नका, त्यांच्याकडेही असाच एक गठ्ठा साठलेला असतो. आणि यापुढे साडी, शर्टपीस, टॉवेल-टोपी काहीही घ्यायचं नाही, द्यायचं नाही.

अधिक महिन्याचाही विचार आताच करून ठेवा. साधारण ३२-३३ महिन्यांनी तो येतो. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता, २०२६ मध्ये ज्येष्ठ. जावयाला ३३ अनारसे आणि चांदीचं ताम्हन किंवा निरांजन देण्याची जी पद्धत आहे, तिच्यासाठी मुलीच्या आईवडिलांची ओढाताण होते. ती थांबवणं जावयाच्याच हातात असतं. तुमचे यजमान तुमच्या आईवडिलांना स्वतः फोन करून म्हणाले की ‘या वेळी वाण नको, आम्ही जेवायला येतो,’ तर ते लगेच संपतं. हेच तुम्ही आईला सांगितलंत तर आई ऐकणार नाही.

हळदीकुंकवात सगळ्यांत जास्त वेळ आणि पैसा ‘वाण’ खातं. ६० जणींना ३५ रुपयांचं वाण म्हणजे २,१०० रुपये, त्यासाठी बाजारात एक संध्याकाळ, आणि शेवटी प्रत्येकीच्या घरात प्लास्टिकचे आणखी दोन डबे. २०२६ सारखा संक्रांत ते रथसप्तमी हा काळ १४ ते २५ जानेवारी एवढाच असेल, तर सोसायटीतल्या प्रत्येक घराने वेगळा दिवस ठेवणं सगळ्याच जणींना जड जातं. म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन-तीन जणींशी बोला आणि सोसायटीच्या हॉलमध्ये एकच दिवस ठेवा. घरटी ५० रुपये, तिळगूळ आणि चहा, वाण नाही. डिसेंबर संपला की मात्र उशीर होतो; तोवर निम्म्या जणींनी वाण घेऊन ठेवलेलं असतं आणि घेतलेलं वाण वाटायला प्रत्येकीला दिवस हवा असतो.

तो दिवस ठरवताना सोसायटीतल्या ज्यांचे पती हयात नाहीत त्यांनाही बोलावा, आणि बोलावणं इतरांसारखंच द्या. ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. जो समारंभ कमी करायचा म्हणून तुम्ही हात घालताय, तो करताना त्यातला हा दुखवणारा भाग काढता आला तर जरूर काढा.

फराळाचे डबे १२ घरी म्हणजे डब्यात पाच करंज्या धरल्या तरी ६० करंज्या, चार लाडू धरले तर ४८ लाडू. करंज्यांनाच एका हाताने तीन तास जातात. शिवाय डबा रिकामा परत करू नये म्हणून तेवढेच डबे भरून तुमच्याकडे येतात आणि भाऊबीजेनंतर मऊ पडलेला चिवडा कोणी खात नाही. पहिल्या वर्षी १२ पैकी चार घरं ठेवा: एकटी राहणारी, वयस्कर, आजारी, किंवा त्या वर्षी सुतक असल्यामुळे ज्यांच्याकडे फराळ केला जात नाही अशी. उरलेल्या आठ घरी दसऱ्याच्या सुमारास सांगून टाका की यंदा डबे पाठवत नाही आणि तुम्हीही पाठवू नका. दसऱ्याला का, तर वसुबारसेला सांगितलं तर त्यांचं तळण झालेलं असतं.

भिशी मध्येच सोडू नका. तुमचा नंबर लागून रक्कम घेतली असेल तर उरलेले हप्ते भरणं हे देणंच आहे. नंबर लागला नसेल तरी एका माणसाच्या जाण्याने बाकीच्यांची रक्कम कमी होते. फेरी संपायच्या दोन महिने आधी सांगा की पुढच्या फेरीत मी नाही, म्हणजे त्यांना दुसरी सभासद शोधता येते.

ग्रुपसाठी फार विचार नको. चारही कायमचे म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका आणि आठवड्यातून एकदा बघा. सोडायचाच असेल तर २०२२ पासून व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप सोडल्याची सूचना फक्त अ‍ॅडमिनला जाते, पण ६० दिवस कोण बाहेर पडलं ते इतरांनाही पाहता येतं, हे लक्षात असू द्या. अडचण एकच येते, कोणी गेल्याची बातमी तुम्हाला उशिरा कळते. त्यासाठी एखाद्या चुलतबहिणीला किंवा भावाला सांगून ठेवा: ‘असं काही झालं तर मला फोन कर.’ वाढदिवसांपैकी ज्या सात-आठ जणांचे खरंच लक्षात असतात त्यांना फोन करा. बाकीचे सोडा.

काय सोडायचं नाही, तेही सांगायला हवं. मृत्यू आणि आजारपण. आनंदाच्या प्रसंगी २०० माणसांत तुम्ही नसलात तर यजमानाला दुसऱ्या दिवशी आठवणार नाही. दुःखात आलेलं माणूस मात्र आयुष्यभर लक्षात राहतं. ज्या घरात कोणी गेलं तिथे शेजारून पिठलं-भाकरीचा डबा येतो, या रीतीला आजही खरा अर्थ आहे: त्या घरात स्वयंपाक करण्याची कोणाची अवस्था नसते आणि लहान मुलांना तर भूक लागतेच. तिसऱ्या दिवसापर्यंत जमलं नाही तर दहाव्याच्या गर्दीत हजेरी लावण्यापेक्षा तेराव्यानंतरच्या आठवड्यात जा, पाहुणे परतलेले असतात आणि घर रिकामं झालेलं असतं. इस्पितळात रुग्णापेक्षा त्याच्याजवळ बसणाऱ्या माणसाला विचारा की जेवणाचं काय, रात्री कोणी बसायला हवं का. भेटीच्या वेळेत सहा जणांनी फळांची पिशवी घेऊन खाटेभोवती उभं राहण्याने रुग्ण फक्त दमतो.

गावाकडच्या भावकीतही सावकाश जा. शहरात अडीअडचणीला बँक, विमा, ओळखीचा डॉक्टर असतो. गावात लावणीला माणसं हवी असोत, रात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं असो किंवा जमिनीच्या कागदावर साक्षीदार हवा असो, भावकीच उभी राहते. जत्रेला किंवा गौरी-गणपतीला वर्षातून एकदा जाणं हे तिथलं सभासदत्व आहे. ते चालू ठेवा.

हे सगळं कमी करायला लागल्यावर पहिले सहा महिने बोलणी बसतील. ‘हल्ली दिसत नाहीस.’ ‘मोठी माणसं झालात.’ यावर खुलासा करू नका, चिडूही नका: ‘हो काकू, यंदा जरा कमीच जाते. तुमचा गुडघा कसा आहे?’ एवढं पुरतं. मग काही घरांतून बोलावणं येणंच थांबेल. त्याचं वाईट वाटेल, आपणच मागितलेलं असूनही वाटेल. तेव्हा घाबरून पुन्हा जायला लागू नका. आपल्या मुलांच्या लग्नाला कोण येईल, ही भीती असते. एप्रिल २०२१ मध्ये राज्यात लग्नाला २५ माणसं आणि दोन तास एवढीच परवानगी होती. ती लग्नं लागली, ते संसार चालू आहेत.

मोकळ्या झालेल्या रविवारी दुसरं काम लगेच येऊन बसतं, याची काळजी घ्या. ‘आज घरी आहेसच तर’ अशी वाक्यं सुरू होतात. पहिले चार रविवार दुपारी दोन ते पाच तुम्ही कोणालाही उपलब्ध नाही, हे घरात आधी सांगून ठेवा आणि झोपा, वाचा, काहीही करा.

सासूबाईंना हे शहरी खूळ वाटलं तर त्यांना गाडगेबाबांची आठवण करून द्या. कर्ज काढून लग्नं-सण करू नका, असं ते गावोगाव कीर्तनातून सांगत. त्याआधी स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्यांनी दारू-मटणाच्या जेवणाची प्रथा मोडून गोडाचं जेवण दिलं होतं. त्याहीआधी, १८७३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने साधी, कमी खर्चाची लग्नं लावून दाखवली. बदल स्वतःच्या कार्यापासून सुरू केला की बोलणाऱ्यांना फारसं बोलता येत नाही.

आता वास्तुशांतीचं नक्की करू. ४० माणसं. २० नावं सासूबाईंची, १० तुमच्या यजमानांची, १० तुमची, आणि एकाने दुसऱ्याच्या नावांवर बोलायचं नाही. पत्रिका छापू नका, छापली की शंभर छापाव्या लागतात आणि उरलेल्या वाटाव्या लागतात. ४० जणांना फोन करा आणि फोनवरच सांगा: ‘आहेर, भेटवस्तू काही आणू नका, आणली तरी आम्ही घेणार नाही.’ दारात तुमच्या मुलीला किंवा भाच्याला उभं करा, पाकीट पुढे आलं की हात जोडून तेच सांगायला. एखादा मामा खिशात कोंबेलच. त्याचंही संध्याकाळी परत पाठवा, कारण ‘मामांचं घेतलं, आमचं नाही’ ही बातमी दोन दिवसांत पोहोचते. अपवाद फक्त आजी-आजोबांच्या पिढीचा, त्यांनी नातवंडांच्या हातावर ठेवलेले अकरा रुपये आशीर्वाद म्हणून घ्या. परतीची भेट म्हणून स्टीलच्या वाट्या वगैरे देऊ नका, नाहीतर मागच्या दाराने हिशेब पुन्हा सुरू होतो.

उरलेल्या २१० जणांचं काय, हा प्रश्न सासूबाई विचारतील. ‘नंतर थोडे थोडे बोलावू’ असं चुकूनही म्हणू नका, त्याचे पुढे सात-आठ रविवार होतात आणि प्रत्येक वेळी पाकीट येतंच. त्यांना वास्तुशांत झाल्यावर दुसऱ्या दिवशी एक निरोप पाठवा: ‘काल नव्या घराची वास्तुशांत घरच्या घरी झाली. पत्ता देत आहोत. या भागात आलात तर चहाला जरूर या.’ तो यजमानांच्या फोनवरून जाऊ द्या.